दिव्याखालचा अंधार : बेटावरील दीपगृहाची भेट आणि तिची साहित्यरूपे

१. विषयाची मांडणी

समुद्रातील बेटावर उभारलेले दीपगृह ही दुरून पाहण्यासाठी बांधलेली वास्तू आहे. देऊळ, धर्मशाळा, बाजारपेठ या वास्तूंची रचनाच येणाऱ्याला आत घेण्यासाठी केलेली असते. दीपगृहाचा उद्देश नेमका उलट असतो. तेथे खडक आहे, तेथे येऊ नका, एवढेच त्याला सांगायचे असते. ज्याच्यासाठी ते बांधले जाते तो नाविक त्याच्याजवळ सहसा कधीच जात नाही. तो जवळ गेला तर दीपगृहाचे प्रयोजन फसले असे समजावे लागते. असे असूनही दीपगृहाला भेट देण्याचे आशयसूत्र प्रवासवृत्त, काव्य, कथा आणि कादंबरी या सर्व प्रकारांत, निरनिराळ्या भाषांत आणि काळांत, पुन्हा पुन्हा आलेले दिसते. जी वास्तू दूर राहायला सांगते तिच्याकडे मुद्दाम जाणे, हा या आशयसूत्रातील मूळ ताण आहे.

या ताणातून तीन दृष्टिकोन संभवतात. पहिला दुरून प्रकाश पाहणाऱ्या नाविकाचा, दुसरा बोटीने तेथे जाऊन परतणाऱ्या पाहुण्याचा आणि तिसरा दिवा तेवत ठेवणाऱ्या दीपगृहरक्षकाचा. प्रस्तुत लेखात अरबी, इंग्रजी, पोलिश व फ्रेंच साहित्यातील काही संहितांच्या आधारे या तीन दृष्टिकोनांचे परस्परसंबंध तपासले आहेत आणि त्यांच्या प्रकाशात मराठीतील ‘दीपस्तंभ’ या शब्दाचा व खांदेरी बेटावरील दीपगृहाचा विचार केला आहे.

२. मोजणारा पाहुणा : फारोस

अलेक्झांड्रियाच्या बंदरासमोरील फारोस या बेटाचा उल्लेख ‘ओडिसी’च्या चौथ्या सर्गात येतो, परंतु तेथे दीपगृह नाही, कारण ते अद्याप बांधले गेले नव्हते. पहिल्या व दुसऱ्या टॉलेमीच्या कारकिर्दीत, इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात, ते उभे राहिले आणि बेटाचे नाव वास्तूला मिळाले. पुढे हे विशेषनाम सामान्यनाम झाले. फ्रेंचमधील ‘फार’, इटालियन व स्पॅनिशमधील ‘फारो’ हे दीपगृहवाचक शब्द त्या बेटाच्या नावापासून आलेले आहेत.

या वास्तूच्या भेटीची महत्त्वाची वर्णने अरबी प्रवासवृत्तांत सापडतात. आंदालुसियातून हजयात्रेस निघालेला इब्न जुबैर ११८३ मध्ये अलेक्झांड्रियास पोहोचला. त्याने दीपगृहाच्या एका बाजूची लांबी वावांनी मोजली, ती पन्नासहून अधिक वाव भरल्याचे नोंदवले, वर चढून तेथील मशिदीत नमाज पढला आणि वास्तूचे वर्णन करण्यास शब्द अपुरे पडतात अशी कबुलीही दिली. मोजमाप आणि वर्णनाची असमर्थता या दोन गोष्टी एकाच परिच्छेदात शेजारी येतात, हे लक्षणीय आहे. हात पसरून भिंत मोजणारा हा यात्रेकरू वास्तूला आपल्या शरीराच्या मापात आणू पाहतो.

इब्न बतूता तेथे दोनदा गेला. १३२६ मधील पहिल्या भेटीत त्याला वास्तूची एक बाजू ढासळलेली दिसली. तरीही तो आत जाऊ शकला. प्रवेशद्वार जमिनीपासून उंचावर होते आणि समोरच्या बांधकामावरून फळ्या टाकून तेथवर जावे लागे. फळ्या काढून घेतल्या की आत जाण्याचा मार्गच उरत नसे, हा तपशील त्याने टिपला आहे. दीपगृहाच्या दूर ठेवण्याच्या स्वभावाचे याहून नेमके चित्र क्वचितच सापडेल. सुमारे तेवीस वर्षांनी मायदेशी परतताना तो पुन्हा तेथे गेला, तेव्हा वास्तू इतकी मोडकळीस आली होती की दारापर्यंत चढणेही शक्य राहिले नव्हते. चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धातील भूकंपांनी हे काम केले होते. १४७७ मध्ये सुलतान कैतबाय याने त्याच जागी किल्ला बांधण्यास घेतला. येथे पाहुण्याची दुसरी भेट ही वास्तूच्या मृत्यूची नोंद ठरते. भेट, दीर्घ खंड आणि पुन्हा भेट असा जो आकृतिबंध आधुनिक कादंबरीत जाणीवपूर्वक रचला गेला, तो या प्रवासवृत्तात जीवनक्रमाच्या ओघात आपोआप सिद्ध झालेला आहे.

३. बोलणारे दीपगृह : बेल रॉक

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, आर्ब्रोथपासून सुमारे अठरा किलोमीटर आत समुद्रात बेल रॉक अथवा इंचकेप नावाचा खडक आहे. भरतीच्या वेळी तो संपूर्ण पाण्याखाली जातो. या खडकावर १८०७ ते १८१० या काळात दीपगृह बांधले गेले आणि १ फेब्रुवारी १८११ रोजी ते प्रथम उजळले. या कामाशी रॉबर्ट स्टीव्हन्सन या अभियंत्याचे नाव निगडित आहे. मुख्य अभियंता म्हणून जॉन रेनी यांची नेमणूक झाली होती आणि श्रेयाचा वाद पुढे दोन्ही घराण्यांत चालू राहिला. ओहोटीच्या मोजक्या तासांतच खडकावर काम करता येत असल्याने पाया खोदण्याचे काम अत्यंत जिकिरीचे होते.

३० जुलै १८१४ रोजी वॉल्टर स्कॉट येथे आला. दीपगृहांच्या व्यवस्थापन मंडळाचे सदस्य वार्षिक पाहणीस निघाले होते आणि स्कॉट त्यांचा पाहुणा होता. त्याची ‘वेव्हर्ली’ ही कादंबरी त्याच महिन्यात निनावी प्रसिद्ध झाली होती. दीपगृहातील पाहुण्यांच्या वहीत त्याने काही ओळी लिहिल्या. त्यांचे लॅटिन शीर्षक ‘फारोस बोलतो’ अशा अर्थाचे आहे आणि त्यांत दीपगृह प्रथमपुरुषी निवेदक झाले आहे. फारोस या नावाच्या निवडीतून स्कॉटने उत्तर समुद्रातील एका नव्या अभियांत्रिकी कृतीला अलेक्झांड्रियाच्या परंपरेशी जोडले. या सफरीची त्याची रोजनिशी पुढे लॉकहार्टकृत चरित्रात प्रसिद्ध झाली, आणि ऑर्कनी व शेटलंड बेटांचा जो परिचय त्याला या प्रवासात झाला त्याचा उपयोग ‘द पायरेट’ या कादंबरीत झालेला दिसतो.

तौलनिक दृष्टीने येथे दोन गोष्टी विचारात घ्याव्या लागतात. पहिली म्हणजे पाहुण्यांची वही हा साहित्यप्रकार. तिच्यात पाहुणा सही करतो, चार ओळी लिहितो आणि निघून जातो. दीपगृहरक्षकाची दैनंदिन नोंदवही तिच्याहून वेगळी असते. वारा, धुके, तेलाचा खप, दिवा लावल्याची व मालवल्याची वेळ या गोष्टी तिच्यात असतात. एकाच इमारतीत दोन वह्या असतात; साहित्येतिहासाने त्यांतील पहिलीची दखल घेतली आहे. दुसरी गोष्ट म्हणजे, स्कॉटच्या कवितेत दीपगृह स्वतः बोलते आणि त्यामुळे आत राहणाऱ्या माणसाला बोलण्याची जागा उरत नाही. दगडाला वाणी देणारा हा चेतनगुणोक्तीचा अलंकार रक्षकाला मौनात ढकलतो.

४. न पोहोचलेली भेट : गॉडरेव्ही

कॉर्नवॉलमधील सेंट आइव्ह्झच्या उपसागरात गॉडरेव्ही नावाचे लहान बेट आहे. १८५४ मध्ये ‘नाइल’ ही आगबोट तेथील खडकांच्या रांगेवर आपटून तिच्यावरील सर्व माणसे बुडाली; त्यानंतर १८५९ मध्ये येथे अष्टकोनी दीपगृह उभे राहिले. स्टीफन कुटुंब १८८२ ते १८९४ या काळात सेंट आइव्ह्झ येथील टॅलंड हाउसमध्ये उन्हाळा घालवीत असे. या कुटुंबातील मुले ‘हाइड पार्क गेट न्यूज’ नावाचे हस्तलिखित घरगुती पत्र चालवीत. त्याच्या १२ सप्टेंबर १८९२ च्या अंकात अशी वार्ता आहे की थोबी व व्हर्जिनिया ही भावंडे बोटीने दीपगृहाकडे गेली, आणि धाकट्या एड्रियनला जाऊ न दिल्यामुळे तो फार खट्टू झाला. व्हर्जिनिया तेव्हा दहा वर्षांची होती.

पस्तीस वर्षांनी प्रसिद्ध झालेल्या ‘टु द लाइटहाउस’ (१९२७) या कादंबरीत व्हर्जिनिया वुल्फने हे दीपगृह कॉर्नवॉलमधून उचलून स्कॉटलंडच्या स्काय बेटासमोर नेऊन ठेवले. विशेष असे की कथानकाच्या मुळाशी तिने स्वतःची घडलेली भेट ठेवली नाही. धाकट्या भावाची न घडलेली भेट ठेवली. सहा वर्षांच्या जेम्सला उद्या दीपगृहावर न्यायचे ठरते, हवा बिघडेल म्हणून वडील ते मोडीत काढतात, आणि दहा वर्षांनी, आई व दोन भावंडे मरण पावल्यावर, तेच वडील त्याला सक्तीने तेथे नेतात. मधल्या ‘काळ सरतो’ या भागात घर रिकामे असते आणि दीपगृहाचा झोत निर्मनुष्य खोल्यांतून फिरत राहतो. माणसे नसतानाही प्रकाशाचे आवर्तन चालू राहते, हे या भागाचे गतितत्त्व आहे.

या कादंबरीची चर्चा बहुधा प्रतीकाच्या अंगाने होते. दीपगृह कशाचे प्रतीक आहे, हा प्रश्न विचारला जातो. परंतु संहितेत दीपगृह ही प्रथमतः माणसे राहतात अशी जागा आहे. आरंभीच्या प्रकरणांत मिसेस रॅम्झी दीपगृहरक्षकाच्या आजारी मुलासाठी मोजा विणीत असते. त्याच्या कंबरेच्या सांध्याला क्षयाची बाधा झाली आहे. महिनामहिना एका खडकावर कोंडून राहणाऱ्या माणसांना काय वाटत असेल, याची ती कल्पना करते. त्यांच्यासाठी जुनी मासिके व तंबाखू नेण्याची तिची इच्छा आहे. पहिल्या दिवशीची सफर रद्द होते तेव्हा जेम्सचा हिरमोड होतो, हे समीक्षकांनी पुष्कळदा सांगितले आहे. मोजा पोहोचत नाही, हे क्वचित सांगितले जाते.

दहा वर्षांनंतरच्या सफरीत गाठोडी बोटीत असतात. जेम्स जवळून पाहतो तेव्हा लहानपणी दिसणारा धूसर, चंदेरी मनोरा आणि समोरचा काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा उघडाबोडका मनोरा ही दोन्ही रूपे खरी आहेत, असे त्याच्या ध्यानात येते. या प्रसंगी एक माणूस बाहेर येतो, दुर्बिणीतून बोटीकडे पाहतो आणि पुन्हा आत जातो. दीपगृहातून बाहेर आलेली ही नजर एका वाक्यात संपते. त्यानंतर रॅम्झी हातात गाठोडे घेऊन खडकावर उडी टाकतो आणि निवेदन किनाऱ्यावर चित्र रंगवीत असलेल्या लिली ब्रिस्कोकडे वळते. ते पोहोचले असतील, असे ती म्हणते. दीपगृहाचे दार कादंबरीत उघडत नाही. गाठोडे कोणी घेतले, त्या मुलाचे काय झाले, हे वाचकास कळत नाही. वुल्फच्या निवेदनतंत्राची ही मर्यादा नव्हे. पाहुण्याच्या दृष्टिकोनाची मर्यादा तिने प्रामाणिकपणे पाळली आहे, असेच म्हणावे लागेल.

५. आतले गाठोडे : शेन्क्येविच आणि दोदे

वुल्फच्या कादंबरीत जे दार बंद राहते ते हेन्रिक शेन्क्येविच याच्या ‘लातार्निक’ (१८८१), म्हणजे ‘दीपगृहरक्षक’, या पोलिश कथेत आतून उघडे आहे. पनामाजवळील आस्पिनवॉल येथील खडकाळ बेटावरच्या दीपगृहाचा रक्षक नाहीसा होतो आणि त्याच्या जागी स्काविन्स्की हा वृद्ध पोलिश निर्वासित नेमला जातो. अनेक देशांच्या युद्धांत लढलेल्या या माणसाला विसावा हवा आहे. रोज पायऱ्या चढायच्या, दिवा लावायचा आणि समुद्र पाहायचा, एवढ्यात तो सुखी असतो.

एके दिवशी त्याच्या नावे गाठोडे येते. न्यूयॉर्कमधील पोलिश मंडळाला त्याने पगारातील काही रक्कम पाठवलेली असते. त्याबद्दल कृतज्ञता म्हणून मंडळाने पुस्तके धाडलेली असतात. त्यांत आदाम मित्स्क्येविच याचे ‘पान तादेउश’ (१८३४) हे महाकाव्य आहे. पोलंड तेव्हा तीन साम्राज्यांत वाटला गेलेला होता. नकाशावर नसलेला देश भाषेत शिल्लक होता. म्हातारा मोठ्याने वाचू लागतो, रडतो, मायदेशाच्या स्वप्नात हरवतो आणि दिवा लावायचा राहून जातो. एक बोट वाळूच्या दांड्यावर रुतते. कोणी बुडत नाही, पण स्काविन्स्कीची नोकरी जाते आणि पुस्तक उराशी धरून तो पुन्हा भटकंतीस निघतो.

दोन्ही संहितांत किनाऱ्यावरून दीपगृहाकडे गाठोडे जाते. वुल्फच्या कादंबरीत ते देणाऱ्याच्या मनाचे साधन आहे. ते नेल्याने बाप-लेकांतील तेढ सैल होते. शेन्क्येविचच्या कथेत त्याचा परिणाम घेणाऱ्यावर होतो आणि तो विध्वंसक ठरतो. येथे साहित्यवाचन आणि दिवा तेवत ठेवणे ही दोन कर्तव्ये एकमेकांविरुद्ध उभी राहतात. मातृभाषेतील पुस्तकाने माणूस जागा होतो आणि त्याच क्षणी पहारेकरी झोपी जातो. साहित्याला सर्रास ‘दीपस्तंभ’ म्हणणाऱ्या समीक्षेला ही कथा अवघड प्रश्न विचारते.

आल्फाँस दोदे याच्या ‘माझ्या पवनचक्कीतून पत्रे’ (१८६९) या संग्रहातील कॉर्सिकाजवळच्या सांग्विनेर बेटांवरील दीपगृहाचे लेखन या दोन टोकांच्या मधोमध येते. येथील निवेदक पाहुणाच आहे, परंतु तो परत न जाता काही काळ मुक्कामाला राहतो. दीपगृहाचे सारे ग्रंथालय म्हणजे प्लूटार्कचे एक जाड पुस्तक. रात्री ते वाचीत वाचीत पहारा केला जातो. सोबत्याचा मृत्यू झाल्यावर वादळामुळे प्रेतासह एकट्याने काढलेल्या दिवसांची हकिकत एक रक्षक सांगतो आणि पाहुणा ऐकतो. मोजणे, सही करणे आणि भेट देणे यांहून वेगळी अशी ऐकण्याची कृती येथे प्रथमच घडते. आणि तिच्यामुळेच रक्षकाला आवाज मिळतो.

६. दीपमाळ, दीपस्तंभ आणि खांदेरी

मराठीत या वास्तूला ‘दीपगृह’ आणि ‘दीपस्तंभ’ असे दोन शब्द आहेत. पहिला शब्द घराचा आहे. त्यात कोणीतरी राहते हे गृहीत आहे. दुसरा खांबाचा आहे. प्रशासनाने पहिला शब्द पत्करला, तर साहित्याने व सभासंमेलनांनी दुसरा. थोर व्यक्तीला, संस्थेला अथवा ग्रंथाला दीपस्तंभ म्हणणे हा मराठी गौरवलेखनातील रूढ संकेत आहे. या रूपकाची जडणघडण पाहताना ‘दीपस्तंभ’ या शब्दाचा जुना संदर्भ लक्षात घ्यावा लागतो. महाराष्ट्रातील देवळांपुढे दगडी दीपमाळा असतात आणि त्रिपुरी पौर्णिमेस त्या उजळतात. गोव्यात मंगेशीसारख्या देवस्थानांपुढील अशा मनोऱ्यांना दीपस्तंभ असेच म्हणतात. देवळापुढचा दिवा भाविकाला बोलावतो. समुद्रातला दिवा नाविकाला दूर ठेवतो. दोन्हींसाठी एकच शब्द वापरात आल्याने मराठी रूपकात दुसरा अर्थ पहिल्यात विरघळून गेला. म्हणून मराठीत दीपस्तंभ ‘वाट दाखवतो’. खडकाची खूण सांगतो, असे सहसा म्हटले जात नाही. इंग्रजी व पोलिश संहितांतील धोका, एकांत आणि श्रम या रूपकात उतरत नाहीत, याचे एक कारण या शब्देतिहासात शोधता येते.

या संदर्भात खांदेरीचे उदाहरण अर्थपूर्ण आहे. अलिबागजवळच्या थळच्या किनाऱ्यासमोरील या बेटावर १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी किल्ला बांधण्यास घेतला. मुंबईच्या सागरी वाटेवर नजर ठेवणारी ही जागा हातची जाऊ नये म्हणून इंग्रजांनी बेटाला वेढा घालण्याचा प्रयत्न केला, तो निष्फळ ठरला. लगतच्या उंदेरीवर सिद्दीने तटबंदी केली. कान्होजी आंग्रे यांच्या काळात, १७१८ मध्ये, खांदेरी घेण्याचा इंग्रजांचा आणखी एक प्रयत्न फसला. १८६७ मध्ये त्याच बेटावर ब्रिटिश राजवटीत दीपगृह उभे राहिले. ज्या उंचीवरून इंग्रजांच्या गलबतांना धाक होता, तेथूनच त्यांच्या आगबोटींना दिलासा मिळू लागला. जागेचे महत्त्व तेच राहिले, फक्त अर्थ फिरला.

आज हे दीपगृह कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखले जाते. इंग्रजी दप्तरांनी व इतिहासांनी ज्यांना ‘पायरेट’, म्हणजे समुद्रावरील लुटारू, म्हटले आणि मराठी परंपरेने ज्यांना ‘सरखेल’ म्हणून गौरवले, त्यांचे नाव जहाजांच्या सुरक्षिततेसाठी लावलेल्या दिव्याला मिळाले आहे. एकाच व्यक्तीच्या दोन भाषांतील प्रतिमा या नामकरणात समोरासमोर येतात. जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूदृश्ये’ या नावाने बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला, त्यांत खांदेरीही आहे. या बेटाला भेट देणारा कोळी समाज मात्र किल्ल्यासाठी वा दिव्यासाठी येत नाही. त्याची श्रद्धा तेथील वेताळाच्या ठाण्यावर आहे. म्हणजे खांदेरीवर एकाच वेळी तीन प्रकारच्या भेटी घडतात : इतिहासाची, समुद्रव्यवहाराची आणि नवसाची. आतापर्यंत पाहिलेल्या कोणत्याही युरोपीय संहितेत अशी गुंतागुंत नाही, कारण तेथील खडक दीपगृहापूर्वी बहुतांशी निर्मनुष्य होते.

७. समारोप

ओग्युस्तँ फ्रेनेल याने घडवलेल्या भिंगाचा वापर १८२३ मध्ये फ्रान्समधील कोर्दुआं दीपगृहात प्रथम झाला. सर्व दिशांना विखुरणारा प्रकाश क्षितिजाच्या पातळीत एकवटणे हे या भिंगाचे कार्य. प्रकाश जितका दूर जातो तितका मनोऱ्याचा पायथा काळोखात राहतो. ‘दिव्याखाली अंधार’ ही मराठी म्हण दीपगृहाच्या बाबतीत प्रकाशशास्त्रदृष्ट्याही खरी आहे. रक्षक त्या अंधारात राहत होता, आणि साहित्यानेही बव्हंशी त्याला तेथेच ठेवले.

आता तो तेथेही उरलेला नाही. गॉडरेव्हीवरील रक्षक १९३० च्या दशकातच काढून घेण्यात आले. २०१२ मध्ये तेथील दिवाही मनोऱ्यातून शेजारच्या खडकावरील पोलादी चौकटीवर हलवला गेला. बेल रॉक १९८८ मध्ये स्वयंचलित झाले आणि स्कॉटलंडमधील शेवटचे मनुष्यचालित दीपगृह ३१ मार्च १९९८ रोजी. भारतात १९२७ चा, म्हणजे वुल्फच्या कादंबरीच्याच वर्षीचा, दीपगृह अधिनियम रद्द होऊन २०२१ मध्ये नवा अधिनियम आला. त्याच्या नावात दीपगृहाऐवजी नौकानयनास साहाय्य करणाऱ्या साधनांचा उल्लेख आहे. उपग्रहाच्या आधारे मार्ग काढणाऱ्या नाविकाला मनोऱ्याची पूर्वीइतकी गरज नाही. तीन दृष्टिकोनांपैकी नाविकाचा क्षीण झाला, रक्षकाचा लोपत चालला. पाहुण्याचा तेवढा वाढीस लागला. दीपगृहे पर्यटनस्थळे म्हणून विकसित होत आहेत ती याच कारणाने.

अशा वेळी तौलनिक अभ्यासापुढील काम स्पष्ट होते. पाहुण्यांच्या वहीइतकीच रक्षकाची नोंदवही ही संहिता मानली गेली पाहिजे. कोकण किनाऱ्यावर दीपगृहांत नोकरी केलेली माणसे व त्यांची कुटुंबे यांच्या आठवणी ती हयात असेतोवर नोंदवून घेणे, आणि इंग्रजी कारभारी कागदपत्रे, कोळी समाजातील मौखिक कथने व मराठी ललित लेखन यांचे एकत्र वाचन करणे, हा त्या कामाचा पहिला टप्पा होय. ते झाले तर ‘दीपस्तंभ’ या शब्दाला त्याचा खडक, त्याचे तेल आणि त्याचा पहारा परत मिळेल. दोदेच्या पाहुण्याप्रमाणे रात्रभर मुक्काम करून ऐकणारा अभ्यासक त्यासाठी लागेल. सही करून संध्याकाळच्या बोटीने परतणाऱ्याकडून ते होणार नाही.